त्रैमासिकातल्या उत्कृष्ट शोधनिबंधाला पुरस्कार: द्यायचा तर कुणाला, कसा?

जुना_चिटणीस

नमस्कार मंडळी. इथे बहुतेक वाचनमात्र असतो, पण आज तुमची डोकी उसनी हवी आहेत.

आमची संस्था छोटी. जिल्ह्याच्या गावी दोन खोल्या, सात कपाटं, एक अर्धवेळ कारकून आणि एक त्रैमासिक. इतिहास, भाषा, लोकसाहित्य, देवळं-शिलालेख, जे येईल ते. अंकाच्या साडेतीनशे प्रती काढतो, त्यातल्या पाचपंचवीस 'घर बंद' असा शेरा मारून पोस्टमन परत आणतो.

आमचे एक जुने आजीव वर्गणीदार गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलीने वडिलांच्या नावे दोन लाखांची ठेव देऊ केली आहे. अट एकच: व्याजातून दरवर्षी अंकातल्या सर्वोत्तम शोधनिबंधाला पुरस्कार द्यायचा. सात टक्के धरले तर चौदा हजार. हॉलभाडं आणि चहा वजा जाता दहा.

कार्यकारिणीत दीड तास चर्चा झाली. त्यातला सव्वा तास शाल द्यायची की उपरणं यावर. शेवटी मी म्हटलं, 'सर्वोत्तम' ठरवणार कोण? तर सगळे गप्प. वर्षात सोळा-सतरा लेख छापतो, त्यातले खरोखर संशोधन म्हणावेत असे सात-आठ, आणि त्यातले दोन-तीन संपादक मंडळातल्याच कुणाचे तरी. बाहेरचा परीक्षक आणावा तर तो लेखकाचा गुरू, शिष्य किंवा भांडलेला मित्र निघतो.

कुणी असा पुरस्कार चालवलाय का? जमतं का हे?

---

सदाशिवात_राहत_नाही

शाल द्या. उपरण्याचा पुढे काही उपयोग होत नाही, शाल निदान दुसऱ्याच्या सत्काराला देता येते.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

नाइलाजाने_पीएचडी

काका, आधी एक सावधगिरीची सूचना. 'बेस्ट रिसर्च पेपर अवॉर्ड' या शब्दांनी आमच्या पिढीच्या अंगावर काटा येतो.

मला असा एक मिळालेला आहे. मेल आली, 'युवर एस्टीम्ड पेपर हॅज बीन शॉर्टलिस्टेड'. नोंदणी शुल्क अडीच हजार, ट्रॉफी घरपोच हवी तर आणखी चारशे. मी तेव्हा सीएचबीवर (तासांप्रमाणे पैसे, कायम नोकरी नाही) तासिका घेत होते, मुलाखतीत गुण मिळतील म्हणून भरले. ट्रॉफीवर माझं आडनाव चुकलं होतं आणि पेपरच्या नावाऐवजी माझ्या कॉलेजचं नाव होतं. पेपर कुणी उघडूनही पाहिला नसणार. सध्या आई त्या ट्रॉफीत उदबत्त्या लावते.

हा धंदा फोफावला तो गुणांच्या हिशेबामुळे. २०१०नंतर प्राध्यापकांच्या बढतीत एपीआयचे, म्हणजे छापलेले लेख वगैरे मोजून द्यायचे, गुण आले आणि गल्लोगल्ली 'आंतरराष्ट्रीय' जर्नलं उगवली. यूजीसीने २०१८च्या मे महिन्यात आपल्या मान्य जर्नलांच्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका झटक्यात काढली. मग 'केअर' नावाची नवी यादी आली, तिचा कारभार पुणे विद्यापीठातून चालायचा. २०२५च्या फेब्रुवारीत तीही बंद केल्याचं जाहीर झालं. म्हणजे 'चांगलं जर्नल कोणतं' हा प्रश्न पुन्हा ज्याच्या त्याच्या अंगावर.

तेव्हा तुमच्या पुरस्काराची पहिली अट: लेखकाकडून एक रुपया घ्यायचा नाही, अर्जसुद्धा मागवायचा नाही. अर्ज मागवले की निर्लज्ज लोकच येतात. (मी आले होते.)

---

तळटीप

शेवटच्या परिच्छेदाला +१. मी अमेरिकेत एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करतो. इथे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनचं 'पीएमएलए' म्हणून साहित्याभ्यासाचं जर्नल आहे. त्यात आलेल्या उत्तम लेखाला १९६४पासून विल्यम रायली पार्कर पारितोषिक देतात. निवड समिती आपण हा लेख का निवडला ते चार ओळींत लिहून देते आणि त्या ओळी जाहीर होतात.

मला त्या चार ओळींचं मोल पैशापेक्षा जास्त वाटतं. आपल्याकडे मानपत्रात लेखकाचं गोत्र, गाव, नोकरी, 'सिद्धहस्त', 'व्यासंगी' हे सगळं येतं. लेखात नवं काय सापडलं ते येत नाही. समितीला ते लिहावं लागलं की लेख वाचावा लागतो.

पर्यावरणाच्या इतिहासाच्या जर्नलमध्ये लिओपोल्ड-हायडी नावाचा असाच पुरस्कार आहे, तिथे संपादक मंडळच निवडतं. म्हणजे मंडळाने निवडणं हे काही पाप नाही, फक्त मंडळातल्यांचे स्वतःचे लेख आधी बाजूला काढायचे.

---

अळूचं_फदफदं

पुरस्काराने दर्जा वाढतो या भाबडेपणावर उतारा देतो.

२०१८ साली तिघांनी मिळून वीस बनावट शोधनिबंध लिहिले आणि मानव्यविद्यांच्या निरनिराळ्या जर्नलांना पाठवले. सात स्वीकारले गेले. त्यातला एक पोर्टलंडच्या बागांमध्ये फिरायला आणलेल्या कुत्र्यांच्या वर्तनावर होता. लेखिकेने म्हणे दहा हजारांच्या आसपास कुत्र्यांची लैंगिक तपासणी करून मालकांना प्रश्न विचारले. लेखिका अस्तित्वातच नव्हती. 'जेंडर, प्लेस अँड कल्चर' या जर्नलने तो छापला, आणि वर आपल्या पंचविसाव्या वर्षानिमित्त निवडलेल्या बारा लेखांमध्ये त्याला मानाचं पान दिलं. पुढे बिंग फुटल्यावर मागे घेतला.

त्याआधी १९९६मध्ये सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने 'सोशल टेक्स्ट'मध्ये निव्वळ थापा छापून आणल्याच होत्या.

तर काका, दोन लाखांची पुस्तकं घ्या.

---

नाइलाजाने_पीएचडी

@अळूचं_फदफदं, हे उदाहरण येणार हे माहीतच होतं. आता दुसरी बाजू. बेल लॅबमधला यान हेंड्रिक शोन. सेंद्रिय पदार्थांच्या वीजवहनावर दर काही दिवसांनी एक पेपर, 'नेचर', 'सायन्स' वगैरेंमध्ये. पुरस्कारही मिळाले. २००२मध्ये चौकशी झाली तेव्हा वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत एकच आकडेवारी सापडली. पुरस्कार परत घेतले गेले. मग भौतिकशास्त्रालाही टाळं लावायचं का?

---

अळूचं_फदफदं

शोन पकडला गेला, कारण बाकीच्यांना तो प्रयोग करून पाहता आला नाही. तुमच्या 'लोकसाहित्यातील स्त्रीजाणिवा'चा प्रयोग कोण करून बघणार?

---

मोडीवेडा

मी बघतो. म्हणजे स्त्रीजाणिवांचा नाही, कागदांचा. इतिहासाच्या लेखात प्रयोग पुन्हा करता येतो. तळटीप उघडायची, दप्तरात जायचं, रुमाल (कागदांचं गाठोडं) सोडायचा, कागद वाचायचा. कुणी करत नाही ही गोष्ट निराळी.

एक घडलेली गोष्ट सांगतो. लेखक आणि नियतकालिक दोन्ही सांगणार नाही. एका लेखाला पुरस्कार मिळाला, मी उत्सुकतेने वाचायला घेतला. लेखाचा सगळा डोलारा एका पत्रावर. पत्रावर तारीख सुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना), 'इहिदे सितैन मया व अलफ', महिना जमादिलाखर. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. लेखकाने नेहमीप्रमाणे त्यात ५९९ मिळवले आणि इसवी १७६० काढली. पत्रातल्या पैशाच्या ओढाताणीचा संबंध मग उदगीरच्या मोहिमेच्या खर्चाशी लावला, आणि त्यावर बारा पानं.

गडबड कुठे? सुहूर सन मृगाला सुरू होतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. जमादिलाखर त्या वर्षी आला जानेवारी १७६१मध्ये. पानिपत झालं तेच मुळी जमादिलाखरच्या ७ तारखेला, म्हणजे १४ जानेवारीला. म्हणजे ते पत्र उदगीरच्या विजयाच्या सुमाराचं नव्हे, पानिपत घडत होतं किंवा नुकतंच घडून गेलं होतं तेव्हाचं. एका आकड्याने अख्खं वर्ष मागे सरकलं आणि ओढाताणीचा अर्थच उलटा झाला.

परीक्षक तीन होते. तिघांनी भाषाशैलीची स्तुती केली होती. मी संपादकांना दोन पानी पत्र लिहिलं. पोच आली, पत्र छापलं नाही.

पुरस्कार जरूर द्या. पण द्यायच्या आधी त्या एका लेखाच्या तरी सगळ्या तळटिपा कुणाला तरी मुळाशी ताडून बघायला लावा. एका लेखाला तीन-चार दिवस लागतात, जास्त नाही.

---

सदाशिवात_राहत_नाही

पॉपकॉर्न बाजूला ठेवला. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

---

गवतीचहा

मोडीवेडा यांचा प्रतिसाद आवडला, पण मी ग्रंथालयात तीस वर्षं काढली आहेत, माझं दुखणं वेगळं आहे. पुरस्कार मिळालेला लेख पाच वर्षांनी *सापडत* नाही. बहुतेक संशोधन पत्रिकांची एकत्रित सूची नाही. जुने अंक खिळ्यांवर छापलेले, मधले श्रीलिपी या युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाइप केलेले. त्यांची पीडीएफ केली तरी शोधखिडकीत 'देशमुख' टाकल्यावर काही हाती लागत नाही. संशोधक यायचे आणि विचारायचे, बाई, त्या अमुक गावच्या वतनावर कुठेतरी काहीतरी आलं होतं ना? आणि मी कपाटापुढे बसून अंक चाळायची.

मुंबईची मराठी संशोधन पत्रिका घ्या, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, धुळ्याच्या राजवाडे मंडळाचं 'संशोधक', वाईचं 'नवभारत', १९८३पासूनचं 'भाषा आणि जीवन'. केवढा ऐवज आहे! चौदा हजारांत दरवर्षी एका होतकरू मुलीला बसवून तुमच्या अंकांची विषयसूची करून घ्या, युनिकोडमध्ये. दहा हजार एका माणसाला देण्यापेक्षा हे शंभर जणांना उपयोगी पडेल.

---

मोडीवेडा

ताई, सूचीला देणगीदार मिळत नाही. सूचीवर वडिलांचा फोटो छापता येत नाही.

---

गवतीचहा

का येत नाही? मलपृष्ठावर छापा की! माणसं सवय लावली तशी देणगी देतात. तुम्ही सगळे पुरस्कारच मागता म्हणून पुरस्कारच मिळतात.

---

कारी_भोर_स्वारगेट

जरा उशिरा आलो. मला एक मूळचाच प्रश्न पडलाय. शोधनिबंध उत्कृष्ट आहे हे त्याच वर्षी कळतं का?

जेधे शकावली घ्या. आमच्या भागातली म्हणून अभिमान आहेच. काही पानांच्या नोंदी, तिथी आणि घटना, बस. टिळकांनी ती १९१६मध्ये छापून उजेडात आणली. तोवर शिवजन्म शके १५४९च्या वैशाखात धरायचे. यात निघाली शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया. त्या वर्षी पुरस्कार असता तर परीक्षक काय म्हणाले असते? 'लेखात विश्लेषणाचा अभाव जाणवतो.' कुणा भारदस्त, पल्लेदार निबंधाला शाल गेली असती. पुढे १९२७मध्ये शिवभारत हे शिवकालीन संस्कृत काव्य छापून आलं, त्यातही तीच तिथी, तेव्हा शकावलीचं वजन लोकांना कळलं. वाद नंतरही चालू राहिलाच, पण तो या तिथीला धरून.

उलट बाजूचं उदाहरण मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांचं. वारीवरचा 'वाटचाल' हा त्यांचा लेख आपण ललित म्हणून वाचतो. त्याचंच इंग्रजी रूप १९६२मध्ये 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आलं आणि महाराष्ट्राबद्दल अभ्यास करणारे परदेशी लोक आजही तिथून सुरुवात करतात. त्यात सारणी नाही, गृहीतक नाही. दिंडीत ब्राह्मण आणि मराठे एकत्र चालतात पण जेवायला वेगळे बसतात, हे बघून बाईंना आलेली अस्वस्थता आहे. तुमच्या निकषांच्या तक्त्यात 'संशोधन पद्धती' या रकान्यात त्यांना किती गुण द्याल?

तेव्हा माझी सूचना: चालू वर्षाच्या अंकांना पुरस्कार देऊच नका. दहा वर्षांपूर्वीचे चार अंक काढा आणि त्यातला कोणता लेख अजून लोक वापरतात ते बघा.

---

तळटीप

भारी कल्पना! आणि सोयीचीही. दहा वर्षांत कोण कुणाचं शिष्य होतं ते विसरलेलं असतं.

अवांतर: इंडियन हिस्टरी काँग्रेसमध्येही वाचलेल्या निबंधांना पारितोषिकं असतात, आणि तिचं पहिलं अधिवेशन १९३५मध्ये पुण्यातच, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने भरलं होतं. हे पुण्याबाहेरच्यांनी कबूल करायला हरकत नाही.

---

नाइलाजाने_पीएचडी

दहा वर्षं? कारी_भोर, तुमची नोकरी कायम आहे हे लगेच कळलं. :)

दहा वर्षांनी पुरस्कार घ्यायला संशोधक संशोधनात उरलेला असेल का? माझ्या बॅचच्या अकरा जणांपैकी चौघं आता स्पर्धा परीक्षेचे क्लास घेतात, एकीचं पार्लर आहे आणि ते उत्तम चालतं. सत्तावीस वर्षांच्या पोराने पदरचे पैसे घालून, एसटीने गावोगाव फिरून वीरगळांची नोंद केली, तर त्याला शाबासकी त्याच वर्षी लागते. ज्येष्ठांना द्यायला बाकीचे पुरस्कार आहेतच की.

---

मोडीवेडा

+१. पहिल्या लेखाला कुणी विचारलं नाही तर दुसरा लिहिला जात नाही. माझा दुसरा अजून लिहायचाय. पहिला १९९४चा.

---

अळूचं_फदफदं

निनावी परीक्षण करा, म्हणजे शिष्य-गुरू भानगड मिटेल. लेखकाचं नाव झाकायचं.

---

गवतीचहा

नाव झाकून काय होणार? आपल्याकडे एकेका विषयात सहा माणसं. पहिल्या तळटिपेत 'प्रस्तुत लेखकाचाच याआधीचा लेख पाहावा' आलं की झालं उघडं. एका परीक्षकांनी तर आमच्याकडे आलेला निनावी लेख उघडला, दुसऱ्या ओळीतला 'किंबहुना' वाचला आणि म्हणाले, आला का याचा लेख!

---

प्राध्यापक_निवृत्त

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

सदाशिवात_राहत_नाही

अर्र! सर, काढला का? चांगला होता. 'किंबहुना' त्यातही होता.

---

जुना_चिटणीस

मंडळी, आभार. दोन आठवडे गायब होतो, कारण तुमचे प्रतिसाद छापून कार्यकारिणीपुढे ठेवले (कुत्र्यांचा सोडून) आणि मग त्या मुलीला भेटायला गेलो.

तिने वडिलांचे अंक दाखवले. एकतीस वर्षांचे, वर्षावार सुतळीने बांधलेले. एक गठ्ठा सोडून बघितला. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात दुरुस्त्या. 'येथे शके नव्हे, संवत.' 'हे गाव बारामतीजवळचे नाही, याच नावाचे दुसरे आहे.' 'पृ. ४१ वरील विधानाशी विसंगत.' मुलगी म्हणाली, बाबा रविवारी अंक घेऊन बसायचे आणि मग एक पोस्टकार्ड लिहायचे.

मी गाडीतच आठवू लागलो. ऑफिसात आल्यावर कारकुनाला खालचा खण उघडायला लावला. 'वाचकांची पत्रे, संकीर्ण' अशी फाईल. एकशे चाळीसच्या वर पोस्टकार्डं निघाली, सगळी त्यांची, सगळ्यांवर आवक क्रमांक. मी चिटणीस होतो ती सतरा वर्षंही त्यात आली. एकही दुरुस्ती आम्ही छापली नव्हती. त्यातलं बारामतीवालं कार्ड वाचून मी पुढच्याच वर्षीचा अंक काढला, तर दुसऱ्या एका लेखकाने ते चुकीचं गाव आमच्याच अंकाचा हवाला देऊन पुढे नेलेलं.

हे तिला फोन करून सांगितलं. सांगणं भागच होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पुरस्काराचं काय ते तुम्ही ठरवा, पण ती कार्डं छापा.

तर ठरलंय ते असं. पुरस्कार सात हजार. एक वर्ष पस्तिशीच्या आतल्या लेखकाला, चालू अंकांमधून. पुढच्या वर्षी दहा वर्षांपूर्वीच्या चार अंकांमधून, वयाची अट नाही. अर्ज नाही. मंडळातल्यांचे लेख बाद. निवड का केली ते समितीने सहीनिशी अंकात लिहायचं. तीन हजार तळटिपा ताडून बघणाऱ्याला, आणि त्याला चूक सापडली तर पुरस्कार त्या वर्षी थांबेल. उरलेले सूचीच्या खात्यात, गवतीचहा ताई, फार नाहीत पण खातं उघडलंय. सोहळा नाही, म्हणून हॉल नाही. शाल-उपरणं दोन्ही रद्द, त्यावर एका सदस्यांनी राजीनामा देऊ केलाय.

दिवाळीच्या अंकात आठ पानं 'शुद्धिपत्र: १९९१ ते २०२२' म्हणून जातील.

मोडीवेडा, पहिल्या वर्षीचा लेख तुम्ही ताडून बघाल का? दप्तर पुण्यातच आहे.

---

मोडीवेडा

बघतो. पण तीन हजार नकोत. एसटीचं तिकीट आणि दुपारचं जेवण द्या. आणि त्या फाईलमधली कार्डं मला एकदा बघू द्या. सुहूर सनावर त्यांनी काही लिहिलंय का बघायचंय.

---

जुना_चिटणीस

आहेत, अकरा. 'मृगाचा विचार केलेला दिसत नाही' असं एकावर लाल शाईत आहे. या कधीही, गुरुवार सोडून. गुरुवारी कारकून सुट्टीवर असतो आणि किल्ली त्याच्याकडे.